बसच्या डाव्या बाजूला

सकाळी सहा चाळीसला आमच्या ले-आउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, तोंडाशी शाळेची पिवळी बस येते. लेक पहिलीत गेली तेव्हापासून मी तिला सोडायला तिथे उभी राहत आले, आणि तेव्हापासूनच रोज सकाळी माझं कुणाशी तरी वाजायचं. बस थांबली की मागून हॉर्न सुरू. अहो, एक मिनिटसुद्धा नाही थांबत बस! चार पोरं चढतात, दाराशी असलेली मावशी त्यांना आत घेते, दार लागतं, बस निघते. तेवढा वेळही मागच्या कारवाल्याला काढवत नाही. तो उजवीकडून समोरच्या गाड्यांच्या अंगावर जातो. टिप्परवाला तर हॉर्नवर हात ठेवतो तो उचलतच नाही. एका माणसाला मी काच खाली करायला लावून विचारलं होतं, की बाबा, तुझं दुकान नऊला उघडत असेल, मग आत्ता पावणेसातला तुला कुठे आग लागली आहे? त्याने काच वर केली आणि निघून गेला.

पण खरा वैताग होता डावीकडचा. आमचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा सिमेंट आणि फुटपाथ यांच्यामध्ये दोन-अडीच हात रुंद पट्टी उरली, आणि तिच्यात गट्टू बसवले. ते नक्षीदार ठोकळे असतात ना, तेच. बसचं चाक गट्टूवर आलं की गट्टू खचतात, म्हणून ड्रायव्हर बस सिमेंटवरच उभी करतो. मग बसचं दार आणि फुटपाथ यांच्यामध्ये ती पट्टी मोकळी राहते. पोरं तिथूनच चढतात-उतरतात आणि दुचाकीवाले नेमके तिथूनच घुसतात. कॉलेजची पोरं, दूधवाले, चांगले टाय लावलेले साहेबसुद्धा.

म्हणून मी बस आली की त्या पट्टीत दोन्ही हात पसरून उभी राहायचे. “ओ दादा, दिसत नाही का? लेकरं चढून राहिली ना!” असं ओरडायचे. जो तरीही घुसायचा त्याच्या गाडीचा फोटो काढायचा, नंबर दिसेल असा, आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर मला लोक गमतीने ट्रॅफिकवाल्या मॅडम म्हणत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

बसवरच्या मावशी पन्नाशीच्या. साडीवर शाळेने दिलेला निळा कोट आणि पायात पोरांसारखे स्पोर्ट्स शूज. बस थांबली की आधी त्या उतरणार, मग पोरं. कुणाला बस लागते, कुणाला खिडकीच पाहिजे, कोण डबा टाकून देतं, सगळं त्यांच्या डोक्यात. प्रत्येक मुलगी त्यांची माय आणि प्रत्येक मुलगा बाबू. बारा वर्षं त्या हेच काम करत होत्या आणि त्यांच्या हातून एक पोरगं कधी खरचटलं नव्हतं. पोरांच्या आया या गोष्टी बरोबर लक्षात ठेवतात.

आता माझं ऐका. नवऱ्याची ड्यूटी खापरखेड्याच्या वीज केंद्रात. पहिली पाळी असली की तो पहाटेच बाहेर पडतो. मग डबा, वेण्या, मोजे, पाण्याची बाटली, सगळं माझ्या एकटीवर. आठवड्यातून दोनदा तरी आम्ही मायलेकी गेटबाहेर यायचो आणि बसची पाठ दिसायची. मग मी गाडी काढायचे. लेक मागे, तिचं दप्तर माझ्या पायाशी, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, आणि निघालो. पुढचा स्टॉप किलोमीटरभरावर, दुधाच्या डेअरीसमोर. बसला सिग्नलवरून वळून जावं लागे. आम्ही गल्लीतून आडवे घुसलो की बस तिथे गाठता येई.

याला आम्ही सगळे पालक बस पकडणं म्हणायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एक वडील तर पोराला टाकीवर बसवून आणायचे, पोराच्या एका पायात बूट, दुसरा हातात. शाळेच्या कार्डावर नियम स्वच्छ छापलेला होता की मुलाला ठरलेल्या स्टॉपवरच बसमध्ये घेतलं जाईल. मावशी तो नियम पाळत नसत. दार उघडं धरून हसायच्या आणि लेकीला म्हणायच्या, “या माय, या. आज पुन्हा झोप लागली का मम्मीले?”

ज्यांचे मी फोटो काढायचे ते लोक वेगळे आणि मी वेगळी, असं मला अगदी मनापासून वाटायचं. त्यांना उगाचची घाई होती. मला शाळेची घाई होती.

तो दिवस डिसेंबरातला. नागपूरच्या थंडीत पहाटे नळाला हात लावायची हिंमत होत नाही, तसली थंडी. लेकीची चित्रकलेची वही सापडेना, ती सापडली तेव्हा बस गेलेली होती. मी नेहमीप्रमाणे गाडी काढली. गल्लीतून बाहेर आले तर बस डेअरीसमोर थांबलेलीच होती. तिच्यामागे एक कार, एक ऑटो. उजवीकडून जायला जागा नव्हती, समोरून गाड्या येत होत्या. दार आता लागेल, आता लागेल, एवढंच माझ्या डोक्यात. डावीकडे तिथेही तशीच पट्टी होती, मोकळी.

मी घातली गाडी. हॉर्न दिला आणि घातली.

मावशी गट्टूवर उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ. डाव्या खांद्यावर दप्तर, उजव्या हाताने एका छोट्या मुलाला वर चढवत होत्या. त्याचा एक पाय पायरीवर होता. माझा हॉर्न वाजला तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. चाक अगदी जवळ आलं तेव्हा मान वळली. त्यांनी त्या पोराला दोन्ही हातांनी आत ढकललं आणि मग त्यांना स्वतःला हलायला वेळच उरला नाही. माझं हँडल त्यांना लागलं. त्या उजव्या हातावर पडल्या. माझी गाडी फुटपाथला टेकून थांबली. मला काही झालं नाही, माझ्या लेकीलाही काही झालं नाही.

मी ओरडले, “मावशी, बघून उतरता येत नाही का?”

हे शब्द मला इथे बदलता आले असते. निदान “लागलं का हो?” असं तरी लिहिता आलं असतं. पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हेच, आणि आवाजही तोच, जो मी रोज दुसऱ्यांसाठी वापरायचे. मला त्याची लाज वाटते.

मावशी उठून बसल्या. उजवं मनगट त्यांनी पोटाशी धरलं होतं आणि चेहरा पांढरा पडला होता. मी स्कार्फमध्ये होते, नुसते डोळे दिसत होते. पण मागे लेक बसलेली होती, तिला त्या ओळखणारच. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “पोरीले द्या इकडे. बस सुटून राहिली.”

डाव्या हाताने त्यांनी माझ्या लेकीला आत ओढलं, तिच्यामागून स्वतः चढल्या, आणि दार लागलं. ड्रायव्हरने आरशातून सगळं पाहिलं होतं, त्यानेही गिअर टाकला. चढलेल्या मुलाचे आजोबा फुटपाथवर होते, माकडटोपी घातलेले. नातू आतून भोकाड पसरत होता, त्यांचा सगळा जीव खिडकीत. बस हलली तसे ते माझ्याकडे वळले. “ओ बाई! थांबा तुमी! थांबा म्हनतो ना!”

मी थांबले नाही.

अकराच्या सुमाराला मी सदर भागातल्या ऑफिसात टेबलावर होते, तेव्हा ग्रुप वाजायला लागला. त्या मुलाच्या आईने लिहिलं होतं की आज आमच्या स्टॉपवर एक स्कार्फवाली बाई डावीकडून घुसली, मावशींना उडवलं आणि पळून गेली, सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आमचं पोरगं थोडक्यात वाचलं. मग सगळे तुटून पडले. काय बाया असतात, यांना पोरं नसतात का, गाडी जप्त करा. आणि कुणीतरी लिहिलं, ट्रॅफिकवाल्या मॅडम गप्प का आज?

मी गप्प राहिले असते तर संशय आला असता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी टाइप केलं, “अशा लोकांचं लायसन्स रद्द व्हायला पाहिजे. लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे हा.” खाली धडाधड अंगठे आले. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मी म्हणाले, ॲसिडिटी.

संध्याकाळी लेक गृहपाठ करत बसली होती. सात वर्षांची पोर, मान वर न करता म्हणाली, “मम्मी, मावशीचा हात सुजला होता. टीचरने विचारलं तर त्या म्हणाल्या, मी पायरीवरून घसरली.”

“हो का?”

“मग मला कोणी विचारलं तर मी पण त्या घसरल्या असंच सांगू?”

मी गॅसजवळ उभी होते. पोळी करपली. मी म्हणाले, “तुला कोण विचारतं? आणि विचारलंच तर सांग तसं.” ती बरं म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. पोटच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं, आणि तेही पोळी उलटता उलटता.

नवऱ्याला मी त्याच रात्री सांगितलं. तो वाईट माणूस नाही, पण घाबरट आहे आणि माझ्यावर जीव आहे. तो म्हणाला, “तिनंच सांगतलं ना घसरली म्हणून? मग तू काहून अंगावर घेऊन राहिली? पोलीस केस झाली म्हणजे? नोकरीचं काय?” मला हेच ऐकायचं होतं. मी पांघरूण घेतलं आणि कूस बदलली.

दोन दिवसांनी त्या मुलाच्या आईनेच ग्रुपवर लिहिलं की मावशी स्वतः घसरल्या म्हणतात, सासऱ्यांना नीट दिसलं नसेल, आणि विषय मिटला. आठवडाभर बसवर मावशी नव्हत्या. मला वाटलं, रजेवर असतील. मग एका सकाळी दारात एक तरुण मुलगी दिसली, एका हातात फोन. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मावशीले काढलं. का काढलं ते मी शाळेत फोन करून शोधून काढलं. ट्रान्सपोर्टचं काम पाहणारे सर अगदी नम्रपणे म्हणाले, “मॅडम, या वयात त्या स्वतःच पायरीवरून पडायला लागल्या तर लहान मुलं त्यांच्या हवाली कशी करायची? तुम्हीच तर सेफ्टी-सेफ्टी म्हणता.”

त्या माऊलीने मला वाचवायला खोटं सांगितलं आणि त्याच खोट्याने तिची नोकरी गेली. नवरा सोडला तर पूर्ण खरं माहीत असलेली माणसं चार. मावशी, ड्रायव्हर, माझी लेक आणि मी. मावशी बोलणार नव्हत्या. ड्रायव्हरला स्वतःची धास्ती होती, कारण बस कडेपर्यंत न घेता उभी करण्याची सवय त्याची. लेकीचं तोंड मी बंद केलं होतं. उरले मी, आणि मी आणखी दोन दिवस घालवले.

तिसऱ्या दिवशी पत्ता काढून गेले. रेल्वे लाइनच्या पलीकडे दाट वस्ती आहे, तिथे एका खोलीत त्या एकट्या राहतात. दाराबाहेर उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मांडीवर सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या आणि त्या एका हाताने सोलत होत्या. एका हाताने शेंग सोलणं किती किचकट असतं, ते मी तिथे उभी राहून पाहिलं. मला पाहून त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा हो मावशी, बसा. आणि मग मला रडायला आलं. त्यांनी शेजारणीला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, म्हणजे आणखीच लाज.

“मावशी, तुम्ही घसरल्या असं काहून सांगितलं?”

“मंग काय सांगू? गाडी लागली म्हनलं असतं तं विचारलं असतं, कोनाची. तुमची म्हनलं असतं तं विचारलं असतं, ह्या मॅडमचा स्टॉप तं मागचा, ह्या इथं कायले आल्या. मंग सारंच निघालं असतं ना, का मी दर हप्त्यात तुमच्या पोरीले इथून घेते, अजून कोनाकोनाच्या पोट्ट्यायले घेते. नेमाच्या बाहेर वागली म्हनून काढून देलं असतं मले.” त्यांनी शेंगेचे दाणे सुपात टाकले. “मले वाटलं, पडनं काही गुन्हा थोडीच हाये. पडलेल्या मानसाले कोनी काढते का?”

त्यांनी पुढची शेंग उचलली.

“बारा वर्षं झाले, त्या पट्टीतून येनाऱ्याले मी पाठीवरच्या डोळ्यानं पाहते,” त्या म्हणाल्या. “हॉर्न वाजला का पहिले पोट्टं आत, मंग मी पायरीवर. अशी सवय हाये. त्या दिवशी हॉर्न आयकला मी. तुमच्या गाडीचा होय, हे बी समजलं. रोजचाच ना आवाज. म्हनूनच वळली नाही. वाटलं, ह्या तं आपल्याच मॅडम. ह्या कायले मारतीन गाडी.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. चहा आला, मी तो कसाबसा प्याले आणि निघाले. गाडी चालवत घरी येताना माझा हात हॉर्नकडे गेला की मी तो मागे घ्यायचे.

त्याच शनिवारी शाळेत पालकांची सभा होती. विषय, बससमोर आणि बसमागे बेदरकार गाड्या चालवणाऱ्यांचं काय करायचं. ही सभा मीच मागून घेतलेली, अपघाताच्या आधी, अर्ज लिहून, सगळ्या पालकांच्या सह्या गोळा करून. फोटो दाखवायचे होते, बोलणारही मीच होते. प्रिन्सिपल मॅडमनी माझी ओळख करून दिली, जागरूक पालक म्हणून. मी उठले.

मी सांगितलं की मावशी घसरल्या नाहीत. स्कार्फवाली बाई मी होते. बस चुकली म्हणून मी तिला गाठायला गेले आणि डावीकडून गाडी घातली. माझ्या मुलीला त्या स्टॉपवर घ्यायला मीच त्यांना गळ घालायचे, त्यांनी नियम मोडला तो माझ्यासाठी. ग्रुपवर मी जे लिहिलं ते सगळ्यांनी वाचलंच आहे.

मग एका वडिलांनी घसा साफ केला. “पण काय आहे, बस कडेला नीट लावायला पाहिजे होती ना.” दुसऱ्या बाई म्हणाल्या, रस्ताच चुकीचा बांधला आहे. मला कळेना, हे लोक मला वाचवत होते की स्वतःला. त्यांतले निम्मे बस पकडणारे. ट्रान्सपोर्टचे सर म्हणाले, “पण मॅडम, त्यांनी तसं लिहून दिलं आहे.” मी म्हणाले, मग मीही लिहून देते. आणि तिथल्या तिथे कागद मागून लिहून दिलं, सही केली. त्यानंतर मला जे जे विचारलं गेलं, पोलिसांत द्यायचं का, हे मावशींसमोरही सांगाल का, त्या सगळ्याला मी हो म्हणाले. मावशींनी तक्रार द्यायला नकार दिला, म्हणून ते तिथेच थांबलं.

सभा सुटल्यावर त्या छोट्या मुलाचे आजोबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे थोबाडीत देतात. दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मी घरी रोज सांगून राहिलो, बाई होती, स्कार्फ होता, गाडी लागली. सून म्हने, बाबा, तुमाले नीट दिसत नाही, मावशी स्वतः सांगून राहिली ना का घसरली. पंधरा दिवस मले खोटं पाडलं बाई तुमी. मलेबी वाटाले लागलं होतं का आपलं डोकं गेलं.” आणि ते नातवाचं बोट धरून निघून गेले.

दोन-चार जणांनी मागून येऊन हिंमत लागते हो, मोठं मन लागतं वगैरे म्हटलं. त्या कौतुकाचा मला इतका संताप आला की मी एकाला “पुरे” म्हणून झटकलं. खरं तर पंधरा दिवस मी गप्प बसले होते, आणि तेही काय कमी झालं म्हणून ग्रुपवर शहाणपण शिकवत होते.

शाळेने मात्र ठरवलं, आणि लेखी ठरवलं, की मावशींचं प्लास्टर निघालं की त्यांना परत घ्यायचं. मला त्या क्षणी जे हलकं वाटलं ते मी विसरणार नाही. घरी आल्यावर लेकीला जवळ बसवून सगळं सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे आता खरं सांगायचं?” मी हो म्हणाले. तिने एवढंच विचारलं आणि खेळायला गेली.

नियमही कडक झाला. आता ठरलेल्या स्टॉपशिवाय बस कुणालाच घेत नाही. स्टॉपवरच्या आया माझ्याशी बोलेनाशा झाल्या, त्या यामुळे. मावशींना मी पाडलं, ते या आयांनी केव्हाच माफ केलं होतं. बस पकडण्याची सोय गेली, ते त्यांना माफ करता येईना. बस चुकली तर आता लोक पोराला घेऊन थेट शाळेपर्यंत गाडी पळवतात, शाळेच्या गेटाशी उलट्या बाजूने घुसतात. मी ग्रुपचं काम सोडलं, फोटो काढणंही सोडलं. मी कोणत्या तोंडाने काढू? फक्त सकाळी त्या पट्टीत हात पसरून उभी राहते, ओरडत नाही.

जानेवारी संपताना प्लास्टर निघाल्याचं कळलं. सोमवारी मावशी दारात दिसतील म्हणून लेकीने त्यांच्यासाठी ग्रीटिंग केलं होतं, वर बस काढलेली. सोमवारी दारात तीच फोनवाली मुलगी होती. मंगळवारीही तीच. मी शाळेत फोन केला नाही. ऑफिसला अर्धी रजा टाकली आणि सरळ रेल्वे लाइनच्या पलीकडे गेले.

मावशी घरातच होत्या. हात मोकळा होता, थोडा वाळलेला, कातडी पांढुरकी. मी आत पाऊल टाकताच म्हणाले, “मावशी, अहो शाळेने घेतो म्हटलं आहे ना? पत्र नाही का मिळालं?”

“भेटलं. मीच नाही म्हनून कळवलं.”

“काहून पण?” माझा आवाज चढला. “मी सगळ्यांसमोर सांगितलं. लिहून दिलं. आता तुम्हाला कोणी काही बोलणार नाही. राग आहे का माझ्यावर? असेल तर मला बोला, नोकरी काहून सोडता?”

“बसा,” त्या म्हणाल्या. “हात द्या तुमचा.”

मी हात पुढे केला. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. “पोट्ट्याचं असं मनगट धरा लागते. बोटं धरली का निसटते थे. मागून गाडी आली का पोट्टं बावरते अन् पळते, कुठंबी. तवा हे मनगट सुटाले नाही पाहिजे.” त्यांचे दात आवळलेले दिसले मला, सगळा जोर त्या हातात आणत होत्या. “ओढा आता.”

मी हात नुसता मागे घेतला. तो त्यांच्या बोटांतून सहज बाहेर आला.

“मी जोरात ओढला,” मी घाईने म्हणाले. “एवढ्या जोरात कोणतं पोरगं ओढणार आहे? आणि डाव्या हाताने धरा ना.”

“डाव्या हातानं बसचा दांडा धरा लागते. नाही तं दोघंबी खाली.” त्या माझ्याकडे पाहत होत्या. डॉक्टरांना विचारलं का, व्यायाम करता का, मी काहीबाही बोलत राहिले. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं.

“मॅडम, सभेत साऱ्यायसमोर खरं बोलल्या म्हनते तुमी. लोकं सांगत होते. मंग मलेबी खरं सांगा. जोरात ओढला का तुमी?”

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “मी ओढलाच नाही.”